गायरीपासून सुरुवात: खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातल्या अल्पभूधारक कुटुंबांच्या प्रशिक्षणाचं एक प्रकरण

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालं की शिवाराचा एकच नमुना दिसत जातो. खाली ओहोळाकाठी भाताची खाचरं, वर मुरमाड माळाला रताळी नाहीतर नाचणा, घरामागे परडं, गोठ्यात दोन-तीन जनावरं. जमीन एक-दोन एकर, तीही तीन-चार ठिकाणी तुकड्यांत. मलप्रभा इथंच, कणकुंबीत उगम पावते, आणि पावसाळ्यात इथली लाल माती तिच्यातून वाहून जाते. तरणे गडी उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांत, नाहीतर गोव्याला. शेताकडे बघतात त्या बायका आणि म्हातारी माणसं. अशाच एका गावातल्या वीसेक घरांचं हे प्रकरण आहे. गावाचं नाव देत नाही, कारण या रस्त्यावरच्या कुठल्याही गावाला ते लागू पडेल.

पहिलं शिबिर

तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचं शिबिर झालं. सेंद्रिय शेती, गांडूळखत, जीवामृत, श्री पद्धतीची (कोवळं एकेक रोप लावायची) भात लावण, कीड नियंत्रण, सगळं त्या दोन दिवसांत. घरटी एक माणूस बोलावला होता. आले ते बहुतेक कर्ते पुरुष, ज्यांना त्या दिवशी कामावर सुट्टी मिळाली ते. पडद्यावरचा मजकूर कन्नडमध्ये होता. बाजारापुरतं, बसपुरतं कन्नड इथं सगळ्यांना येतं, पण 'सारजनक' म्हणजे नत्र आणि 'रंजक' म्हणजे स्फुरद, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जेवण झालं, पिशवी आणि पुस्तिका मिळाली. पुढचा मृग आला, गेला, आणि एकाही घरात काही बदललं नाही.

अशा वेळी शेतकऱ्याच्या मानसिकतेला दोष द्यायची सवय पडली आहे. ती चुकीची आहे. खरं कारण पुढच्या एका दुपारी अंगणवाडीच्या ओसरीवर निघालं. जमिनीवर खडूनं कामांची यादी मांडली आणि प्रत्येक कामापुढे, ते जो करतो त्याच्या बाजूला, चिंचोके ठेवायला सांगितलं. शेण काढणं, शेणी थापणं, उरलेलं गायरीत, म्हणजे घरामागच्या शेणखताच्या ढिगात, टाकणं, बियाणं राखणं, तरवा (भाताची रोपं) काढणं, लावणी, भांगलण, रताळ्याचे वेल तोडणं, या सगळ्या कामांचे चिंचोके बायकांच्या बाजूला गेले. नांगरट, चिखलणी, दुकानातून खत-औषध आणणं आणि फवारणी पुरुषांच्या बाजूला. शिबिरात जे बदलायला सांगितलं होतं, त्यातलं तीन चतुर्थांश काम शिबिराला न आलेल्या माणसांच्या हातात होतं. नवऱ्यानं घरी येऊन "असं असं करायचं म्हणे" सांगितलं, आणि सकाळी पाच वाजता शेण काढणाऱ्या बाईला त्यात आपलं एक काम वाढलेलं तेवढं दिसलं.

म्हणून दुसऱ्या खेपेला नियम बदलले. घरटी दोघं, आणि त्यातलं एक माणूस गोठ्याचं काम करणारं असलंच पाहिजे. वेळ दुपारी 2 ते 4.30, म्हणजे जेवणं आवरल्यावर आणि धारेच्या आधी. पंधरा दिवसांतून एक बैठक. बाजाराचा दिवस, रोप लावणीचे आठवडे आणि गणपतीचे दिवस वगळून. जागा म्हणजे कुणाचा तरी गोठा, खाचर नाहीतर माळ. भाषा मराठी. एका बैठकीला एकच विषय, आणि तो त्याच दुपारी हातानं करून बघायचा. ही पद्धत नवी नाही. भातावरच्या किडींसाठी 1989 साली इंडोनेशियात सुरू झालेल्या शेतशाळेचाच हा साचा आहे. फक्त आपल्याकडे ती राबवताना शाळा राहते आणि शेत सुटतं.

गायरी

पहिला विषय गायरीचा घेतला. कारण ती प्रत्येक घरापाशी आहे, तिच्यावर पैसा लागत नाही, आणि तिच्यातला तोटा डोळ्यांना दिसतो. दोन जनावरांचं शेण रोज 20 ते 25 किलो पडतं, वर्षाला सात ते नऊ टन. त्यातलं थोडं शेणीला जातं. उरलेलं घरामागे उघड्यावर ढीग मारून ठेवलं की आषाढातल्या धारांनी त्यातून चहासारखं काळं पाणी ओहोळाला जातं. ते काळं पाणी म्हणजेच खत. वैशाखात जे शेतात नेलं जातं तो बहुतांशी चोथा असतो.

इथं शिकवणाऱ्यांचीच एक मोठी चूक झाली, आणि ती लिहून ठेवायला हवी. पुस्तिकेत तीन फूट खोल खड्डा सांगितला होता. पाच घरांनी तसे खड्डे खणले. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या कमी पावसात तो खड्डा बरोबर आहे, कारण तिथं ओल टिकवायची असते. इथं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पाचही खड्डे काठोकाठ भरले. शेण पाण्याखाली गेलं, हवा बंद झाली, कुजण्याऐवजी सडलं आणि वास घरात येऊ लागला. बैठकीत एक काकू सरळ म्हणाल्या, "खड्ड्यात आंबील झालीय बघा. आमची जुनी गायरीच बरी होती की." त्यांचं म्हणणं खरं होतं.

मग जमिनीच्या वर रचलेली गायरी केली. जागा उंचवट्याची, विहिरीपासून किमान 50 फूट लांब. तळ 10 फूट बाय 5 फूट, त्यावर अर्धा फूट दगड-मुरमाचा थर. चारही बाजूंनी चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या रोवून विणलेलं कूड, उंची साडेतीन फूट. भोवती फूटभर रुंद चर, म्हणजे वरचं पाणी आत येत नाही. डोक्यावर उतरतं छप्पर, पिंजराचं (भाताच्या पेंढ्याचं) किंवा झावळ्यांचं, पावसाच्या बाजूला दीड फूट पुढे काढलेलं. असे दोन कप्पे शेजारी शेजारी. एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. पहिल्या वर्षी बहुतेकांनी एकच कप्पा केला आणि त्यातच रोजचं ताजं शेण वरून टाकत राहिले. अशा गायरीत तळाचं खत तयार आणि वरचं कच्चं, आणि काढताना दोन्ही मिसळून जातात.

भरायचं कसं, तर तळाला अर्धा फूट वाळका पाला आणि पिंजराचे तुकडे, त्यावर दोन-तीन बोटं शेणकाला, त्यावर बुट्टीभर शेतातली माती, आणि पुन्हा पाला. नुसतं शेण नुसत्या पिंजरापेक्षा लवकर कुजतं, पण त्यातलं नत्र हवेत उडतं. पाला-पिंजर ते धरून ठेवतो. गोठ्यातही हाच हिशेब. जनावराचं मूत ही शेणापेक्षा मोलाची वस्तू आहे, नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो, आणि ते मातीच्या जमिनीत मुरून जातं. फरशी करायला पैसे नसतील तर जनावराखाली रोज दोन-तीन किलो वाळका पाला पसरायचा आणि सकाळी तो ओला पाला गायरीत टाकायचा. एवढ्यानं अर्धं काम होतं.

चुलीतली राख इथं सर्रास गायरीत जाते. ती बंद करायला सांगितलं. राख चुन्यासारखी असते, मूत आणि शेणावर पडली की झणझणीत वास सुटतो. तो वास म्हणजे उडून जाणारं नत्र. राख वेगळ्या डब्यात ठेवून तरव्याच्या वाफ्यात आणि परड्यातल्या भाजीला वापरायची. दुसरी गोष्ट पुड्यांची. शाम्पूच्या, गुटख्याच्या, बिस्किटाच्या पुड्या झाडलोटीबरोबर गायरीत येतात, तिथून खाचरात, आणि चिखलणीत पायाला लागतात. त्यासाठी दाराशी एक वेगळी पिशवी टांगली. हे किरकोळ वाटेल, पण तीन वर्षांनी त्या खाचराकडे बघावं.

कुजतंय की नाही हे दोन गोष्टींवरून कळतं. आतला मूठभर माल दाबून बघायचा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. दुसरी परीक्षा सळईची. हातभर लांब लोखंडी सळई ढिगाच्या मध्यात खुपसून दहा मिनिटांनी काढायची. हाताला चटका बसण्याइतकी गरम असेल तर काम चालू आहे. थंड लागली तर एक तर ढीग कोरडा आहे, नाहीतर पाणी तुंबलंय, नाहीतर शेण कमी पडलंय. महिन्यानं एकदा आणि दोन महिन्यांनी पुन्हा खालवर करायचं. तीन ते चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत होतं. कच्चं शेणखत शेतात नेण्यातला सगळ्यात मोठा धोका हुमणीचा. वळीव पडला की भुंगेरे बाहेर येतात आणि अशा अर्धवट कुजलेल्या शेणात अंडी घालायला त्यांना आवडतं. रताळ्याच्या आणि उसाच्या रानात ती अळी मुळं खाते, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

जीवामृताचा हिशेब

नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे जीवामृत घराघरांत पोचलं आहे आणि पहिल्या शिबिरातही तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं. कृती सोपी: 200 लिटर पाणी, 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 1 ते 2 किलो काळा गूळ, तेवढंच डाळीचं पीठ, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, रोज दोनदा काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी एकराला वापरायचं. अडचण कृतीत नव्हती. दोन घरांनी जीवामृत दिलं आणि त्याच हंगामात युरिया पूर्ण बंद केला. भात पिवळं पडलं, शेजाऱ्यांनी बघितलं, आणि विषय गावातून उठला.

म्हणून बैठकीत फळ्यावर आकडे मांडले. त्या 200 लिटरमध्ये शेण, मूत आणि पीठ मिळून नत्र भरतं ते फार तर पाव किलो. एक टन भात जमिनीतून साधारण 15 ते 20 किलो नत्र उचलतं. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात 20 किलोच्या थोडं वर नत्र असतं. म्हणजे जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत कुजायला काही असेल तर ते काम करतं, नसेल तर विरजण कशाला लावणार? ही उपमा बायकांना ताबडतोब पटली, आणि त्यानंतर 'किती दिवसांनी द्यायचं' याऐवजी 'शेतात पाला किती पडला' हे प्रश्न येऊ लागले. रासायनिक खत दरवर्षी एक चतुर्थांशापेक्षा जास्त कमी करायचं नाही, आणि तेही त्या तुकड्यात पाला आणि शेणखत पडलं असेल तरच, असं ठरलं.

पाला कुठून आणायचा, तर बांधावरून. गिरिपुष्पाच्या ओल्या पाल्यात टनामागे सहा-सात किलो नत्र येतं. तीन टन पाला म्हणजे युरियाचं एक पोतं. त्यासाठी पावसाच्या तोंडावर मनगटाएवढ्या जाडीच्या, चार-पाच फूट लांब फांद्या वीतभर खोल रोवल्या. पहिल्या वर्षी बोटाएवढ्या काड्या लावल्या होत्या. त्या निम्म्याहून जास्त गेल्या, आणि उरलेल्या सुगीनंतर मोकळ्या सोडलेल्या गुरांनी तुडवल्या. दोन वर्षं त्यांना काटेरी डहाळ्यांचं कुंपण लागतंच. पाला चिखलणीच्या आठवडाभर आधी खाचरात टाकून तुडवायचा. आयत्या वेळी टाकला तर तो कुजताना रोपाला त्रास होतो.

भात

भातात फक्त तीन बदल घेतले. बियाणं मिठाच्या पाण्यातून काढणं: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, वर तरंगलेलं पोचट भात काढून टाकायचं, तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. धुणं विसरलं तर उगवण मार खाते, आणि ते एका घरात झालंच. दुसरा बदल दोरी धरून ओळीत लावण, वीत-वीत अंतरावर, चुडात दोन-तीन रोपं. तिसरा, नत्र एकदम न देता तीन वेळा विभागून. एकदम दिलं की पान हिरवंगार दिसतं आणि करप्याला आमंत्रण मिळतं. बेळगावी बासमतीसारखं उंच भात तर आडवंच होतं.

श्री पद्धत मुद्दाम बाजूला ठेवली. आठ-बारा दिवसांचं एकेक नाजूक रोप लावायला पाण्यावर ताबा हवा. इथल्या खाचरात जुलैमध्ये पाणी वरच्या बांधावरून खालच्यात कोसळतं, एवढंसं रोप त्यात टिकत नाही. वरच्या, निचऱ्याच्या तुकड्यात ती जमते, पण गावभर सांगण्यासारखी नाही.

ओळीतल्या लावणीला खरा विरोध टोळीकडून झाला. लावणीच्या टोळ्या उक्त्यानं काम घेतात. दोरी धरली की पहिल्या दिवशी काम निम्म्यावर येतं आणि मजुरी तीच राहते. त्या बायकांचं म्हणणं रास्त होतं. तोड अशी निघाली की पहिल्या वर्षी प्रत्येक घरानं फक्त दोन गुंठे, घरच्या माणसांनी ओळीत लावायचे. पुढे भांगलणीच्या वेळी ओळींमधून कोळपं फिरलं, तेव्हा वाकून काढायचं गवत किती कमी झालं ते टोळीतल्या बायकांनीच पाहिलं, आणि दुसऱ्या वर्षी दर बोलताना दोरी गृहीत धरली गेली.

फरक मोजायचा तोही अंदाजानं नाही. जुन्या आणि नव्या तुकड्यात दोरीनं 5 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन आखायचा, त्यातलं भात वेगळं कापून झोडायचं, तीन-चार उन्हं देऊन मग वजन. त्याला चारनं गुणलं की गुंठ्याचं, आणि त्याला चाळीसनं गुणलं की एकराचं. ओलं भात मोजू नये. ओल्याचं वजन सगळ्यांना खूश करतं आणि मळणीला खोटं ठरतं.

माळावरची रताळी

रताळ्याला बेळगावच्या बाजारात गिऱ्हाईक आहे, म्हणून माळ फोडून वरंबे पाडले जातात, आणि नांगर फिरवायला सोपं म्हणून ते उताराच्या दिशेनं. प्रत्येक सरी मग पन्हाळ होते. एका मोठ्या पावसानंतर गटाला नुसतं माळाच्या पायथ्याला नेलं. खालच्या खाचरात घोट्याएवढा मुरूम येऊन बसला होता. तो बुट्ट्यांनी काढायचं काम दरवर्षी कोण करतं, हे विचारावं लागलं नाही.

उताराला आडवी रेषा धरायला ए-आकाराची चौकट गावातच केली. सात फुटांच्या दोन काठ्या वर बांधलेल्या, पाय साडेसहा फूट फाकवलेले, मध्यावर आडवी काठी, वरच्या टोकाला बांधलेल्या दोरीला दगड. आधी चौकट एका जागी उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथं टेकते तिथं खूण, मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण, दोहोंच्या बरोबर मध्ये तिसरी. दोरी त्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पावलापावलानं जात खुंट्या ठोकल्या आणि त्या रेषेवर वरंबे काढले. हे काम दहावी-बारावीतल्या पोरींनी सगळ्यात लवकर उचललं. फार चढाच्या तुकड्यात मात्र नुसते आडवे वरंबे पुरत नाहीत, पाणी साचून एक फुटला की खालचे सगळे फुटतात. तिथं दर आठ-दहा वरंब्यांनंतर गवताची पट्टी ठेवली.

वेल तोडताना शेंड्याकडचा वीतभर-दीड वीत, तीन-चार डोळ्यांचा तुकडाच घ्यायचा. बुडखा घेतला तर त्यातून सोंड्या किडा नव्या रानात जातो. महिन्यानं आणि दोन महिन्यांनी भर द्यायची, कारण भेगाळलेल्या वरंब्यातूनच तो कंदापर्यंत पोचतो.

कागद आणि मापं

सीमाभागातल्या कुटुंबाची एक अडचण बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. मराठीत वाचायला मिळतात ती महाराष्ट्रातली पत्रकं. त्यांतलं कोकणचं भाताचं तंत्र इथल्या पावसाला जुळतं, पण त्यांतल्या योजना आणि अनुदानं इथं मिळत नाहीत. धारवाड कृषी विद्यापीठाच्या शिफारशी इथल्यासाठीच आहेत, पण त्या कन्नडमध्ये. गटानं दोन्ही वापरल्या आणि त्यासाठी ओसरीच्या भिंतीवर एक तक्ता लावला: सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, सतु म्हणजे जस्त, सुण्ण म्हणजे चुना. माती परीक्षणाचा कागद आला की तो तक्त्यापुढे धरून वाचायचा. पत्रकं हेक्टरात बोलतात आणि शेतकरी गुंठ्यात. गुंठा आणि आर जवळपास सारखेच, म्हणून हेक्टरी 100 किलो म्हणजे गुंठ्याला 1 किलो. एवढं पाठ झालं की दुकानदाराला विचारावं लागत नाही.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातलं सवलतीचं बियाणं फ्रूट्स या राज्याच्या शेतकरी नोंदणीवर मिळतं आणि ती नोंद उताऱ्यावर. उतारा कित्येक घरांत अजून आजोबांच्या नावावर, आणि बाईच्या नावावर तर क्वचितच. जी शेत करते तिला बियाणं मिळत नाही. हे प्रशिक्षणानं सुटणारं नाही. वारसा नोंदीसाठी तलाठ्याकडे जायला गटातल्या पाच-सहा घरांना मिळून दिवस ठरवून दिला, तेवढंच झालं. काहींच्या भावकीत तेही अडलं आहे. गवे आणि रानडुकरं रताळ्यात शिरतात, त्यावरही रात्रीच्या राखणीपलीकडे उपाय निघालेला नाही, आणि त्या धास्तीनं दोन घरांनी माळ पडीक टाकला.

आता शेजारच्या वाडीत काम सुरू करायचं आहे. तिथं शिकवायला या गटातल्या तिघीजणी जाणार आहेत, दिवसाची पूर्ण मजुरी घेऊन. फुकट शिकवणीत ज्या बाईचा रोज बुडतो ती दुसऱ्या खेपेला येत नाही. पहिल्या दिवशी वही-फळा काही न्यायचं नाही. वाडीतल्या बायकांना आपल्या परड्यात आणायचं, छपराखालच्या ढिगातून सळई ओढून काढायची आणि ती त्यांच्या हातात द्यायची.